ग्लायडिंग संघटनेचं ऑफिस कुठं असावं?

हडपसरहून सासवडच्या दिशेनं निघालं की ग्लायडिंग सेंटरचं मोकळं माळरान लागतं. शाळेत असताना आम्ही तिथल्या कुंपणाला नाक लावून उभे राहायचो. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंचचं, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचं, इंजिन गुरगुरायचं, गवतात निपचित पडलेली तार एकदम ताठ व्हायची आणि इंजिन नसलेलं ते लांब पंखांचं विमान पतंगासारखं नाक वर करून चढायचं. अर्ध्या-पाऊण मिनिटात तार सुटून खाली यायची आणि आवाज थांबायचा. वर उरायचं ते ग्लायडर, आणि त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एखादी घार. दोघंही एकाच जागी गोल गोल फिरत वर जायचे.

घार पंख न हलवता वर कशी जाते, हे कळलं की ग्लायडिंग कळलं. उन्हानं जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. नांगरलेलं रान, खडकाळ माळ, पत्र्याची छपरं जास्त तापतात आणि त्यांच्यावरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. याला थर्मल म्हणतात. ग्लायडर खरं तर सतत खाली येत असतं. पण वर जाणारी हवा त्याच्या खाली येण्याच्या वेगापेक्षा जोरात असेल, तर ते हवेसोबत वर जातं. आजचं चांगलं ग्लायडर १ किलोमीटर उंचीवरून स्थिर हवेत ४० किलोमीटर किंवा त्याहून लांब जाऊ शकतं. जुन्या लाकडी शिकाऊ ग्लायडरांना त्याच उंचीवरून वीस-बावीस किलोमीटर मिळायचे.

हा खेळ ज्या देशांत हजारो लोक खेळतात, तिथं त्याची राष्ट्रीय संघटना असते, आणि संघटना आली की तिचं मुख्यालय आलं. ते कुठं असावं? प्रश्न कारकुनी वाटतो. पण मुख्यालय एकदा बसलं की ते चाळीस-चाळीस वर्षं हलत नाही, आणि चुकीच्या गावी बसलं तर त्या खेळाची शक्ती हळूहळू प्रवासात, भाड्यात आणि रुसव्याफुगव्यात झिरपून जाते. वेगवेगळ्या देशांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की बरंच काही उमगतं.

आधी संघटना करते काय, ते पाहू. विंचची तार ग्लायडरला थेट जोडत नाहीत. मध्ये बोटाएवढी धातूची एक पट्टी असते, तिला भोकं पाडून मुद्दाम कमजोर केलेलं असतं. तारेवर भलता ताण आला तर ग्लायडरचे पंख मोडण्याआधी ही पट्टी तुटते आणि माणूस वाचतो. पट्ट्यांना रंग ठरलेले असतात: काळी सुमारे १,००० किलोच्या ताणाला तुटते, लाल ७५०ला, निळी ६००ला, पांढरी ५००ला. कोणत्या ग्लायडरला कोणती पट्टी, हे ते बनवणारी कंपनी सांगते. पण रविवारी सकाळी एखाद्या आडगावच्या क्लबात, रांगेत चार जण ताटकळत असताना, तारेला बरोबर रंगाचीच पट्टी लागेल, झिजलेली पट्टी वेळेवर बदलली जाईल आणि ती तुटली तर शंभर मीटर उंचीवर पुढच्या तीन सेकंदांत काय करायचं हे शिकणाऱ्याच्या हाताला माहीत असेल, याची काळजी कोणी घ्यायची? ते काम संघटनेचं. प्रशिक्षक तयार करणं, त्यांची पुन्हा पुन्हा परीक्षा घेणं, ग्लायडर तपासणाऱ्या निरीक्षकांना मान्यता देणं, अपघातांचे अहवाल वाचून नियम सुधारणं. शिवाय विमा, स्पर्धा, मासिक. आणि सगळ्यांत चिवट काम म्हणजे हवाई हद्दीसाठीचं भांडण. मोठ्या विमानतळांना आपल्याभोवतीचं आभाळ वाढवून हवं असतं, ग्लायडरवाल्यांना ते मोकळं हवं असतं, आणि हा निकाल टेबलावर लागतो.

ही कामं वाचताना एक गोष्ट डोळ्यांपुढे यायला हवी. यातलं एकही काम करायला खिडकीबाहेर थर्मल लागत नाही. तरीही, जिथं उत्तम उडता येतं तिथंच मुख्यालय असावं, असं जवळजवळ प्रत्येकाला आधी वाटतं. मलाही वाटायचं.

या वाटण्याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. सोअरिंग सोसायटी ऑफ अमेरिका १९३२ साली स्थापन झाली. तिचं कार्यालय एके काळी लॉस एंजलीसच्या परिसरात होतं. १९८३ साली न्यू मेक्सिकोमधल्या हॉब्ज या गावी जागतिक ग्लायडिंग स्पर्धा झाली आणि नंतर सोसायटीनं आपला संसारच हॉब्जला हलवला. हॉब्ज म्हणजे टेक्सासच्या सीमेलगतचं, तेलविहिरींवर जगणारं, चाळीसेक हजार वस्तीचं गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच, कोरडी सपाट जमीन, तळपतं ऊन. दुसऱ्या महायुद्धात तिथं बॉम्बर विमानांच्या वैमानिकांना तयार करणारा लष्करी तळ होता; त्याच्या लांबरुंद धावपट्ट्या शिल्लक राहिल्या. ग्लायडरवाल्याला आणखी काय हवं?

पण त्या देशातलं ग्लायडिंग जिथं रुजलं ते न्यूयॉर्क राज्यातलं एल्मायरा आणि त्याच्याजवळची हॅरिस हिल तिथून साधारण अडीच हजार किलोमीटरवर, आणि विमान वाहतुकीचे नियम ठरतात ती राजधानी वॉशिंग्टनही तेवढीच लांब. तरी सोसायटी हॉब्जमध्ये राहू शकली, आणि त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत ग्लायडर वैमानिकाचा परवाना सरकारच देतं, आणि ग्लायडर उडण्यालायक आहे की नाही हेही सरकारी नियमांनुसार, सरकारनं मान्य केलेली माणसंच ठरवतात. सोसायटीकडे उरतं ते मासिक, स्पर्धा, कौशल्याचे बिल्ले, सभासदांची सोय, सुरक्षेचा प्रचार. ही कामं टपालानं होत आली, आता इंटरनेटवर होतात. त्यामुळे गाव आडबाजूला असलं तरी गाडा अडत नाही. आभाळ चांगलं होतं म्हणून हॉब्ज चाललं, असं मला वाटत नाही. काम आटोपशीर होतं म्हणून चाललं.

जर्मनीत उलट दिसतं. ग्लायडिंगची पंढरी कुठली, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: वासरकुप्पे. ऱ्होन डोंगररांगेतला हा ९५० मीटर उंचीचा बोडका डोंगरमाथा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधनं आली, तेव्हा उडण्याचं वेड लागलेली पोरं इंजिनाशिवायची विमानं खांद्यावर वाहून या डोंगरावर आली. १९२० साली ओस्कार उर्झिनुस यांनी तिथं पहिली स्पर्धा भरवली. आजही तिथं ग्लायडिंगचं संग्रहालय आहे, उड्डाणं होतात, लोक भक्तिभावानं जातात.

मुख्यालय मात्र तिथं नाही. जर्मन एअरो क्लब ही तिथली सगळ्या हवाई खेळांची संघटना, आणि तिचं कार्यालय वासरकुप्पेपासून दोनशे किलोमीटरवर, ब्राउनश्वाइग शहरातल्या विमानतळाच्या कडेला आहे. त्याच रस्त्यावर, अगदी शेजारी, जर्मनीचं संघीय विमान वाहतूक कार्यालय आहे, म्हणजे आपल्याकडच्या डीजीसीएचं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, काम तिथं करणारं खातं. ते राजधानी बर्लिनमध्ये नाही, ब्राउनश्वाइगमध्ये आहे, म्हणून संघटनाही ब्राउनश्वाइगमध्ये. अतिहलक्या विमानांच्या बाबतीत सरकारनं काही अधिकृत कामं या संघटनेकडेच सोपवली आहेत. अशा वेळी फाइल हातात घेऊन चालत शेजारच्या इमारतीत जाता येणं याची किंमत कशानं मोजणार? सरकारी कामाचा ज्याला अनुभव आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. पत्रानं तीन महिने अडलेलं काम समोर बसलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलून सुटतं.

फ्रान्समध्ये ग्लायडिंग महासंघाचं कार्यालय वर्षानुवर्षं पॅरिसमध्ये, आणि राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथून सहाशे किलोमीटर दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी सेंतोबाँला. मंत्रालयं आणि क्रीडाखातं पॅरिसला, डोंगर आणि ऊन दक्षिणेला. त्यांनी दोन्ही घेतलं, दोन ठिकाणी घेतलं.

अमेरिकेच्या बाबतीतही नीट पाहिलं तर कार्यालय हॉब्जला असलं तरी राष्ट्रीय ग्लायडिंग संग्रहालय हॅरिस हिलवरच राहिलं आहे. म्हणजे आपण ज्याला एका शब्दात मुख्यालय म्हणतो, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: टेबल, शाळा आणि देव्हारा. टेबलाला सरकार आणि माणसं जवळ लागतात. शाळेला आभाळ लागतं. देव्हारा जिथं आठवणी आहेत तिथंच शोभतो. तिन्ही एकाच जागी बसवायचा हट्ट धरला की वाद सुरू होतात, कारण प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो.

आता टेबलाबद्दलच बोलू. ते मधोमध असावं, हे सगळ्यांना पटतं. पण मधोमध म्हणजे कुठं? इथं मोठमोठ्या समित्या चुकतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीबरोबर मी एक प्रयोग केला. पुठ्ठ्यावर महाराष्ट्राचा नकाशा चिकटवला. मुंबई, पुणे, नागपूर इथं दाभणानं भोकं पाडली. तीन दोरे घेतले, त्यांची एकेक टोकं नकाशावर एकत्र गाठ मारून बांधली आणि दुसरी टोकं भोकांतून खाली सोडली. दोऱ्यांना हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले लोखंडी वायसर अडकवले: मुंबईच्या दोऱ्याला तीन, पुण्याच्या दोऱ्याला चार, नागपूरच्या दोऱ्याला दोन. म्हणजे मुंबईत तीन सभासद, पुण्यात चार, नागपुरात दोन. पुठ्ठा दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला आणि गाठ सोडून दिली. गाठ सरकत सरकत पुण्याच्या भोकात जाऊन बसली.

भाचीनं नागपूरचे वायसर दोनाचे चार केले. गाठ हलली नाही. तिनं पुठ्ठ्याला टिचकी मारली, तरी नाही.

सगळ्यांच्या प्रवासाची बेरीज जिथं सर्वांत कमी होते, ती जागा ही गाठ दाखवते. फ्रान्सच्या पिएर व्हारिन्यों या गणितज्ञाच्या नावानं हे साधन ओळखलं जातं, आणि कारखाना कुठं काढावा या प्रश्नासाठी आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकानं १९०९ साली हाच विचार मांडला.

आता त्याच सभासदांची सरासरी काढून पाहा. रस्त्यानं मुंबई ० किलोमीटर, पुणे १५०, नागपूर ढोबळमानानं ८५० धरू. तीन जण शून्यावर, चार जण १५०वर, दोघं ८५०वर. बेरीज २,३००, भागिले नऊ, म्हणजे साधारण २५५. हा बिंदू पुण्याच्या पुढे शंभरेक किलोमीटर, अहिल्यानगरच्या थोडा अलीकडे पडतो. तिथं एकही सभासद राहत नाही. सगळ्यांनाच प्रवास. तिथं ऑफिस काढलं तर नऊ जणांचा एकेका फेरीचा प्रवास मिळून २,३७५ किलोमीटर होतो. पुण्यात काढलं तर १,८५०. नागपूरचे दोनाचे चार केले की सरासरी आणखी शंभरेक किलोमीटर पूर्वेला पळते. गाठ मात्र पुण्यातच.

यातलं मर्म असं की लांबचा माणूस सरासरीला आपल्याकडे ओढतो आणि जितका लांब तितका जास्त ओढतो. गाठीला तो फक्त आपल्या दिशेनं ओढतो, आणि त्याचं अंतर कितीही असलं तरी त्याचे वायसर तेवढेच. नागपूरऐवजी त्याच दिशेला आणखी पुढे भोक पाडलं असतं तरी गाठीला फरक पडला नसता. ऑस्ट्रेलियासारख्या देशात हे फार खरं होतं. तिथल्या ग्लायडिंग फेडरेशनचं कार्यालय मेलबर्नला आहे आणि पर्थ तिथून विमानानं २,७०० किलोमीटरवर. पर्थच्या सभासदांचा मान राखायचा म्हणून ऑफिस सरासरीनं पश्चिमेला सरकवलं तर ते वाळवंटात जाऊन पडेल आणि पर्थवाल्यालाही विमानानंच यावं लागेल. लांबच्यांचा मान राखायचा तर त्यांच्या तिकिटाचे पैसे द्यावेत, त्यांच्या गावी वर्षातून एक बैठक घ्यावी.

भाचीनं नंतर विचारलेला प्रश्न मात्र मला अजून पुरतो आहे. ती म्हणाली, "मामा, पण हे सगळे ऑफिसात येतात कशाला?"

खरंच, कशाला? सामान्य सभासद आयुष्यात एकदाही मुख्यालयात जात नाही. तो आपल्या क्लबात उडतो. तेव्हा वायसर सभासदांचे नव्हे, फेऱ्यांचे लावायला हवेत. समजा, ऑफिसात आठ नोकरदार आहेत आणि वर्षाला २२० दिवस कामावर येतात. झाल्या १,७६० फेऱ्या. बारा जणांच्या कार्यकारिणीच्या वर्षाला सहा बैठका झाल्या तर ७२. अभ्यासवर्गाला येणारे प्रशिक्षक, निरीक्षक मिळून आणखी शे-दोनशे धरा. म्हणजे दोऱ्याला खरा ताण त्या आठ माणसांचा. ती कुठं राहतात, त्यांच्या मुलांना शाळा आहे का, घरभाडं परवडतं का, बस मिळते का, नवऱ्याला किंवा बायकोला त्या गावात नोकरी मिळेल का, याच्यावर संघटनेचं आरोग्य अवलंबून असतं. हिशेब ठेवणारी बाई ग्लायडर उडवत नाही. तिला सुंदर ढगांचं काही नाही. तिला सव्वासहाची गाडी पकडायची असते.

मुख्यालय एकदा बसलं की का हलत नाही, तेही यातूनच कळतं. ऑफिस ज्या गावात निघतं त्या गावात कर्मचारी बिऱ्हाड करतात, आणि मग सगळे वायसर त्याच दोऱ्याला जमा होतात. दहा वर्षांनी गणित केलं तर ते पुन्हा त्याच गावाकडे बोट दाखवतं, मग सुरुवातीला ते गाव चुकीचं का असेना. म्हणून पहिल्या खेपेला नीट विचार करायचा.

ब्रिटनमध्ये हे बऱ्यापैकी जमलं असं मला वाटतं. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन १९२९ सालची. पूर्वी तिचं ऑफिस लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर होतं, संसदेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९७०च्या दशकात ते लेस्टरला गेलं आणि नंतरची बिऱ्हाडंही लेस्टरमध्येच झाली. लेस्टर म्हटलं की आपल्याला तिथली भारतीय वस्ती आणि बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी आठवते. ग्लायडिंगच्या नकाशावर कुणी त्याला मानाचं पान वाढणार नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य वाऱ्यावर तरंगायला श्रॉपशरमधलं लाँग मिंड आहे, यॉर्कशरमध्ये सटन बँक आहे. डोंगराच्या पलीकडे हवेच्या लाटा उठतात, त्यांवर स्वार होऊन हजारो मीटर चढायचं तर स्कॉटलंडमधलं अबॉइन. आणि हॅम्पशरमधलं लॅशम हे जगातल्या सर्वांत मोठ्या ग्लायडिंग केंद्रांपैकी एक.

तरी लेस्टर का? नकाशा उघडा. ब्रिटनच्या नकाशा खात्यानं इंग्लंडचा भौगोलिक मध्यबिंदू काढला तो लेस्टरशर परगण्यातच, फेनी ड्रेटन गावाजवळच्या एका शेतात पडला. देशाचा कणा असलेला एम-१ महामार्ग शहराला लागून जातो. रेल्वेनं लंडन तासाभराच्या थोडं पुढे. सुमारे ऐंशी क्लब देशभर विखुरलेले. यॉर्कशरचा निरीक्षक आणि हॅम्पशरचा प्रशिक्षक, दोघंही सकाळी निघून, दुपारची बैठक आटोपून, रात्री घरी जेवायला पोहोचू शकतात. हौशी माणसांवर चालणाऱ्या संघटनेत मुक्काम न करता घरी परतता येणं फार मोलाचं असतं. मुक्काम करावा लागला की आधी तरुण आईबाप यायचे थांबतात, मग रोजंदारीवाले, आणि शेवटी कार्यकारिणीत फक्त निवृत्त आणि सुखवस्तू लोक उरतात. भाडं लंडनच्या मानानं कमी, आणि शहर असल्यामुळे माणसं मिळतात.

सरकारचं काय? ब्रिटनमध्ये कित्येक दशकं सरकारनं ग्लायडिंगचं नियमन मोठ्या प्रमाणात असोसिएशनवरच सोपवलं होतं. ग्लायडर तपासणं, वैमानिक तयार करणं, सगळं त्यांचंच. त्यामुळे रोज सरकारी दारात बसायची गरज नव्हती. गरज होती ती क्लबांच्या जवळ असण्याची. पुढे २००३ साली युरोपची विमान सुरक्षा संस्था उभी राहिली, तिचं ठाणं जर्मनीत कोलोनला, आणि त्या दशकात नियम तिथून येऊ लागले. लंडनमध्ये राहिलं असतं तरी कोलोनला विमानानंच जावं लागलं असतं. सत्ता कुठून कुठं सरकेल हे कुणाला आधी सांगता येत नाही. रस्ते आणि रेल्वे मात्र जिथल्या तिथं राहतात.

मग ऑफिस एखाद्या क्लबाच्या धावपट्टीवरच का थाटू नये? लेस्टरपासून थोड्याच अंतरावर हजबंड्स बॉस्वर्थचं मोठं ग्लायडिंग मैदान आहे. जागा आहे, अभ्यासवर्ग तिथंच होतील, आणि खुर्चीत बसणाऱ्यांना खेळाचा वास तरी येत राहील. हा शेवटचा मुद्दा मला मनापासून पटतो. ज्यांनी महिनोन्महिने ग्लायडर पाहिलेलं नाही अशा माणसांनी केलेले नियम वाचतानाच कळतात.

तरीही मी याच्या विरोधात आहे, आणि दोन कारणांनी. पहिलं कारण माणसांचं आहे. एका क्लबाच्या आवारात राष्ट्रीय संघटना बसली की तो क्लब जावई होतो आणि बाकीचे वऱ्हाडी. त्या क्लबात अपघात झाला तर चौकशी करणारा निरीक्षक त्यांच्याच कॅन्टीनमध्ये जेवतो. तो कितीही सचोटीचा असला तरी लांबच्या क्लबाचा विश्वास बसत नाही, आणि सुरक्षेच्या कामात विश्वास गेला की लोक चुका लपवायला लागतात. मी एका स्थानिक क्रीडा संघटनेत चार वर्षं काम केलं आहे. तिचं ऑफिस एका बड्या सभासद-मंडळाच्या इमारतीत, फुकट होतं. भाडं लागत नव्हतं, पण प्रत्येक निवडीनंतर इतर मंडळांचे लोक एकच वाक्य बोलायचे: "तुम्ही बसता कुणाच्या घरात, ते माहितेय आम्हाला." निवड योग्य असायची तरी बोलायचे. शेवटी आम्ही भाड्याची दोन खोल्यांची जागा घेतली. खर्च वाढला, बोलणं थांबलं.

दुसरं कारण जमिनीचं. स्वतःचं मैदान असलं की गवत कापायचं असतं, धावपट्टीचे खड्डे बुजवायचे असतात, हँगरचं छप्पर गळतं, शेजारी आवाजाची तक्रार करतात. ही कामं तातडीची असतात, आणि तातडीची कामं महत्त्वाच्या कामांना खातात. संघटनेचा सचिव दर सोमवारी छपराच्या ठेकेदाराशी बोलत बसला तर हवाई हद्दीच्या सुनावणीचे कागद कोण वाचणार? मैदान क्लबाचं असावं, किंवा वेगळ्या विश्वस्त संस्थेचं. संघटनेनं ते वाचवायला वकील द्यावा, मालक होऊ नये.

आता घरून काम करता येतं, मग ऑफिस हवंच कशाला, असंही विचारलं जातं. पुष्कळ कामं खरंच घरून होतात. पण नोंदणीचा पत्ता लागतो, जुन्या ग्लायडरांच्या तपासणीची कागदपत्रं जपावी लागतात, आणि अपघातानंतर एखाद्या क्लबाच्या प्रमुखाशी बोलायचं असतं तेव्हा पडद्यावर बोलून भागत नाही. ऑफिस लहान करावं, पण बंद करू नये.

राहिला आपला प्रश्न. भारतात ग्लायडिंग जवळजवळ सगळं सरकारच्या हातात आहे. हडपसरचं केंद्र डीजीसीएचं. हवाई खेळांची छत्री म्हणजे एअरो क्लब ऑफ इंडिया, १९२७ सालचा, आणि त्याचा पत्ता दिल्लीतला सफदरजंग विमानतळ. डीजीसीएचं मुख्यालयही तिथंच. एके काळी नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रानं स्वतः ग्लायडर बनवली आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली: अश्विनी, भरणी, रोहिणी, आर्द्रा. ही नावं मोठ्यानं म्हणून पाहा. पंचांग उघडून विमानाचं बारसं करणारी माणसं त्या खात्यात होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

उद्या आपल्याकडे ग्लायडिंगची भक्कम राष्ट्रीय संघटना उभी करायची ठरली, तर माझ्यातला पुणेकर लगेच म्हणेल: हडपसर. मार्च ते मे दख्खनच्या माळावर उठणारे थर्मल, मैदान तयार, पिढ्यांची परंपरा. पण वरचंच माप इथं लावायला हवं. आधी काम काय आहे? आपल्याकडे परवाना सरकारचा, ग्लायडरची नोंदणी आणि तपासणी सरकारची, आभाळ सरकारचं आणि पुण्यात तर त्यातही हवाई दलाचं, कारण लोहगावचा तळ हाकेच्या अंतरावर. अशा संघटनेची पहिली दहा वर्षं परवानग्या मिळवण्यात, नियम सोपे करून घेण्यात, परदेशातून ग्लायडर आणताना लागणाऱ्या कागदांत जातील. ब्रिटनसारखं लेस्टर आपल्याला परवडणार नाही, कारण ब्रिटनसारखे अधिकार आपल्या संघटनेकडे नसतील. आपली गोष्ट ब्राउनश्वाइगची आहे. टेबल दिल्लीला हवं, सफदरजंगच्या शक्य तितक्या जवळ, दोन माणसं, एक कपाट, भाड्याची खोली.

शाळा मात्र पुण्यातच, आणि तिच्यासाठी मी शेवटपर्यंत भांडेन. हडपसरच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि अशा मोकळ्या जमिनीकडे शहराची नजर जातेच. दिल्लीतल्या त्या दोन माणसांच्या टेबलावर पहिली फाइल या मैदानाची असावी: जमीन ग्लायडिंगसाठीच राहील असं लेखी, आणि लोहगावशी आभाळाच्या वेळा वाटून घेण्याचा पक्का करार. पुढे कधी सरकारनं तपासणीचे आणि प्रशिक्षणाचे अधिकार संघटनेला दिले, देशात क्लब वाढले, तर पुठ्ठ्याला पुन्हा भोकं पाडू, वायसर पुन्हा मोजू. तोवर दिल्लीची खोली अकरा महिन्यांच्या करारावरच घ्यावी.